दारावरचा झाडू कोणी हलवला?

ब्रेमवाग, रविवार
(पाऊस आहे. आडवा.)

प्रिय आस्लाकदादा,

तू थोरला म्हणून वाकून नमस्कार. गुडघा जेवढा वाकला तेवढाच झाला, उरलेला पोचला असं समज. तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतोस की नुसता त्यांच्याबद्दल बोलतोस? उन्नीवहिनींचा खोकला गेला का? त्यांना सांग, तुमच्या फ्रीजमागे सापडेल ती पुडी वाळवलेल्या कॉड माशाची आहे, मेलेला उंदीर नव्हे. (कसला तरी वास येतोय असं त्या म्हणत होत्या, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. सांगायला जीभ रेटली नाही.) माझी तब्येत उत्तम. इतकी उत्तम, की पत्र संपेपर्यंत तुला तिचा रागच येईल.

आधी आभार. साठी उलटलेल्या बहिणीला वाढदिवसाची भेट म्हणून जहाजाची सहल देणारा भाऊ लाखात एक. पण म्हणून त्यामागचा तुझा डाव मला कळला नाही असं समजू नकोस. चार दिवस आयतं जेवली, मऊ गादीवर लोळली, की ही बया आपणहून म्हणेल, पुरे झालं रे दादा ते ब्रेमवाग. हिवाळाभर सूर्याचं तोंड दिसत नाही, डॉक्टर बोटीने येतो आणि तोही वारा पडला तर. विकून टाक ते घर त्या ऑस्लोच्या गृहस्थाला, येईल उन्हाळ्यात राहायला, आणि मी येते बेर्गनला तुझ्या माडीवरच्या खोलीत. असंच ना? मला जहाजावर पोचवायला आलास तेव्हाही शेवटचा प्रश्न तोच, खोली पिवळी रंगवू की निळी? मी म्हटलं, सहल झाली की पत्राने कळवते. तेच कळवायला बसले आहे. पण सरळ उत्तर देईन तर मी आपल्या आईची मुलगी कसली? आधी सहल ऐक.

पहिली चूक तुझी. जहाज कुठे कुठे थांबणार ते तू वाचलंच नाहीस. मीही वाचलं नाही, पण माझी चूक धरायची नाही, कारण दिलेली भेट आपल्याकडे कोणी उलटीपालटी करून बघत नाही. (दक्षिणेत राहून तू हे विसरला असशील.) तर मी विमानाने अख्खा देश ओलांडून बेर्गनला आले, कशासाठी, तर तिथून जहाजात बसून 'जगाच्या टोकाला' जायला. टोक म्हणजे बर्फ, अस्वलं असलं काहीतरी असेल अशी माझी समजूत. जहाजावरचा थाट काय विचारतोस! खोली आवरणारी बाई रोज टॉवेलचा हंस करून गादीवर बसवायची. पहिल्या दिवशी मी त्याला घाबरले, दुसऱ्या दिवशी त्याने तोंड पुसलं. जेवणाच्या हॉलमध्ये मासा असायचा, तो मासा आहे हे पाटीवरून कळायचं. अरे, मी जन्मभर कारखान्यात मासे कापले, तसला मासा आमच्या मुकादमाने समुद्रपक्ष्यांपुढे टाकला असता आणि त्यांनीही एकमेकांकडे बघितलं असतं. तुझ्या आग्रहाखातर कप्तानाच्या मेजवानीला मी आपला सणासुदीचा पोशाख, बुनाद घातला. आईचा, चांदीच्या बटणांचा. तर एका गृहस्थांनी मला वाढपी समजून लोणी मागितलं. मी दिलं.

माझ्या टेबलावर एक जर्मन डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी फोग्टबाई. बाई मोठ्या प्रेमळ, आणि टापटीप इतकी की दुसऱ्याच्या ताटातले काटेचमचेही सरळ करायच्या. (या टापटिपीने पुढे माझं काय केलं ते बघशील.) एका दुपारी आम्हाला व्याख्यानाला बसवलं. विषय, 'मानवी वस्तीची शेवटची कडा'. दिवे गेले, पडद्यावर चित्र आलं, आणि चित्रात काय, तर आपल्या पेत्राची कपड्यांची दोरी! समोरच्या घरातल्या पेत्राची ती फुलाफुलांची चादर मी ओळखणार नाही होय? तिच्यावर कॉफी मीच सांडली आहे. व्याख्याते म्हणाले, उद्या सकाळी आपण इथे उतरणार. म्हणजे मी एवढा खटाटोप करून निघाले होते ते माझ्याच गावाला! फोग्टबाईंनी माझा हात धरून कुजबुजत विचारलं, "इथे माणसं खरंच राहतात हो?" मी म्हटलं, "राहत असतील बाई." त्या म्हणाल्या, "काय करत असतील बिचारी!" मी तिथलीच हे तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण एकदा गप्प बसलं की मग बोलणं दर घटकेला अवघड होत जातं. आपल्या घराण्यातलं सगळं असंच बिघडलेलं आहे. पेत्राला फोन करावा, तर तिने गावभर केलं असतं की मार्गुन स्वतःच्याच गावात पाहुणी म्हणून येते आहे, वाजंत्री लावा.

वाजंत्री होतीच. आपला धक्का या जहाजाला आखूड, म्हणून ते बाहेर नांगरून आम्हाला छोट्या बोटींतून आणलं. सगळ्यांना सारखी लाल जाकिटं, छातीवर आकडा. मी सत्तावीस नंबर. टोपीची नाडी नाकापर्यंत आवळलेली, वर काळा चष्मा, म्हणजे आई असती तरी ओळखलं नसतं. धक्क्यावर शाळेचा बँड भिजत उभा आणि लोकांना हात देऊन उतरवायला कोण, तर हिल्मार. आपल्या कुंपणापलीकडचा रे! म्हातारा कप्तान, बायको जाऊन कितीतरी वर्षं झाली. रोज सकाळी दार न वाजवता येतो, स्वयंपाकघरात बसतो, कॉफी पितो, हवेबद्दल एक वाक्य बोलतो आणि जातो. तो माझा हात धरून म्हणाला, "वेलकम, मॅडम." दादा, माझ्या घरचा कप त्या हाताने हजारदा धरला असेल, माझा हात कधी नाही. गरम होता. (हे वहिनींना वाचून दाखवू नकोस.) आणि मग तोच हात आणि तोच 'मॅडम' त्याने फोग्टबाईंना दिला, आणि माझं डोकंच फिरलं.

मग निघाली आमची वरात. पुढे छत्री उंच धरलेली वाटाडी पोरगी, कुठली कोण जाणे, मला ओळखत नव्हती. मासे वाळवायचे मांडव दाखवले, लोकांनी नाकं धरून फोटो काढले. आणि मग म्हणते, "हे नमुनेदार कोळ्याचं घर." नमुनेदार! बाबांनी बांधलेलं आपलं पिवळं घर, दारात मी टेकवून ठेवलेला झाडू. पोरीने झाडूचा अर्थही सांगितला, की इथे कुलूप लावत नाहीत, दाराला झाडू टेकवला की घरात कोणी नाही असं समजायचं, आणि झाडू काढला की माणूस आलं. इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणते, इथली म्हातारी दक्षिणेत भावाकडे गेली ती आता काही परत यायची नाही. सगळे "अरेरे" म्हणाले. मीही म्हटलं. एकटी कशाला वेगळी पडू? पण आतून हललं काहीतरी. आपलं घर आपल्याच पाठीमागे उभं आणि आपण मेल्याची बातमी आपण रांगेत उभं राहून ऐकतो आहोत. मला वाटलं, बहुतेक खरंच असेल. ठरल्यातच जमा आहे. पिवळी काय आणि निळी काय.

आणि इथे फोग्टबाईंचा टापटीपपणा आडवा आला. झाडू हातात घेऊन त्यांनी फोटो काढला, मग राहवेना म्हणून आपली पायरी झाडली, आणि झाडू नीट कोपऱ्यामागे, कोणाच्या पायात येणार नाही असा, ठेवून दिला! मी ओरडणार होते, पण छत्री पुढे निघाली आणि मी सत्तावीस नंबर मुकाट मागोमाग गेले. जन्मभर कारखान्याच्या भोंग्यावर चालल्यावर दुसरं काय होणार!

चर्चच्या टेकडीवरून मी खाली बघितलं. पेत्राच्या खिडकीतला पडदा हलला. पेत्रा दारात आली. माझ्या दाराला झाडू नाही हे बघून तिने कपाळावर हात मारला आणि आत पळाली ती कॉफीचं भांडं घेऊनच बाहेर आली. विमानतळाची बस तेवढ्यात येऊन गेली होती, म्हणजे हिशेब चोख जुळला: मार्गुन भावाशी भांडून परत आली! थोड्या वेळात माझ्या धुराड्यातून धूर. पाद्रीबाई आल्या, समोरचे दोघे कोळी आले, दुकानदारीण केक घेऊन आली. (मी घरात नाही हे बघून, इथेच कुठेतरी गेली असेल, येईलच, असं सगळ्यांनी धरलं, हे मागाहून कळलं.) मी वर पावसात मान वळवून चर्चचा इतिहास ऐकते आहे आणि खाली माझ्या घरी माझ्याशिवाय जत्रा! मी रांग मोडली, दादा. छत्रीकडे न बघता तडक खाली आले आणि स्वयंपाकघरात शिरले.

पेत्रा मला बघून मोडक्या इंग्रजीत ओरडली, की बाई, हे म्युझियम नाही, घर आहे घर! एवढ्यात मागून हिल्मार. बातमी ऐकून धक्का सोडून आला होता, (बोटीतले लोक काय हवेत लोंबकळत होते, देवाला ठाऊक) केस ओले करून बसवलेले, अंगात पांढरा शर्ट, हातात हॅलिबट मासा. म्हणाला, "बसू दे त्यांना. या घरातून कोणी कॉफीशिवाय गेलेलं नाही." आणि मला माझ्याच खुर्चीवर बसवून माझ्याच कपात कॉफी दिली. आता लगेच टोपी काढायची होती की नाही? पण मग पेत्रा त्याच्यावर घसरली, आणि असलं ऐकायला मिळत असताना टोपी कोण काढतं!

"आता तरी बोलणार आहेस का," पेत्रा म्हणाली, "की ती मरेपर्यंत नुसती कॉफीच ढोसणार?"

"आज बोलणार," हिल्मार म्हणाला. "शर्ट उगाच घातलाय होय?"

"काय बोलशील? हवा बरी आहे?"

तो हॅलिबटकडे बघत म्हणाला, "म्हणेन, मार्गुन, तुझंही छप्पर गळतं, माझंही गळतं. या वयात दोन दोन छपरांवर कोण चढणार?" मग म्हणाला, "आणि ती बेर्गनला गेल्यापासून सकाळी मी झाडूकडे बघतो आणि परत जातो. कॉफी माझ्याकडेही आहे. पण जात नाही घशाखाली. हे काही तिला सांगणार नाही. छपराचंच सांगेन."

दादा, मी टोपी काढली. चष्मा काढला. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, शपथेवर सांगते. तोंडातून निघालं ते असं, "माझं छप्पर मुळीच गळत नाही. तुझंच गळतं, आणि मी तुला गेल्या वर्षीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," तो म्हणाला. आणि पहिल्यांदाच हवेबद्दल काही बोलला नाही.

तेवढ्यात जहाजाचा भोंगा झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, पाद्रीबाईंनी तर केकचा घास हातातच धरला. मी उठले आणि बाहेर गेले. हिल्मारचा चेहरा मी बघितला नाही, धीरच झाला नाही. कोपऱ्यामागचा झाडू काढला, आत आणला आणि दारामागच्या खिळ्याला लावला. भोंगा आणखी दोनदा झाला. पेत्रा रडत होती, हसत होती आणि माझ्या वाटचा केक खात होती, तिन्ही एकदम. मी मात्र फार रडले नाही.

तर अशी सहल झाली. तुझ्या खोलीबद्दल म्हणशील, तर मी अजून काहीच ठरवलेलं नाही, घाईने ठरवण्याचा माझा स्वभाव नाही हे तू जाणतोसच. विचार करून कळवीन. वहिनींना नमस्कार.

तुझी बहीण,
मार्गुन

ता. क. माझी सूटकेस जहाजावरच राहिली. ते गुरुवारी बेर्गनला येतं. सत्तावीस नंबर म्हणून सांग, देतील. आत बुनाद आहे. लोण्याचा डाग वहिनींकडून काढून घे, मला तो ओल्सोकच्या सणाआधीच्या शनिवारी लागणार आहे. चर्चमध्ये. पाद्रीबाईंनी केक खाता खाताच तारीख धरून टाकली.

आणखी ता. क. ऑस्लोच्या गृहस्थांना सांग, शेजारचं घर बघा, तेही छान आहे, फक्त छप्पर गळतं.

आणखी ता. क. खोली पिवळी रंगव. काळोखाच्या दिवसांत आम्ही दोघं पंधरा दिवस येऊ. हिल्मार घोरतो, पण वहिनींच्या खोकल्यात खपून जाईल.

शेवटचं. सूटकेस पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. चर्चच्या दारापासून आतपर्यंत बाबांनी हात धरून न्यायचं असतं, ते नाहीत, म्हणजे आता तूच. किती वर्षांत आला नाहीस रे तू घरी! कंबर दुखेल म्हणशील तर हळूहळू चालू, मलाही गुडघा आहेच. दार वाजवत बसू नकोस, ढकलून आत ये. झाडू आत आहे.