शेजारचं विरजण

बाबा,

आज भाजीवाल्याकडून काळी द्राक्षं आणली आणि धुऊन परातीत काढली, तर आई दारातून म्हणाली, "नीट उकळणार आहेस ना?" मी म्हटलं, "आई, खायला आणलीत." ती हसली नाही. द्राक्षांकडे पाहत तशीच उभी राहिली, जशी संध्याकाळी तुमच्या वाटेकडे डोळे लावून उभी राहायची. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी बोलायचं एक राहून गेलं आहे, ते लिहून टाकावं म्हणते. टपालखातं तिकडे जात नाही हे मला ठाऊक आहे. आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेलं, त्यामुळे उत्तर न देणाऱ्यांसमोर बोलत राहायची सवय आहेच.

तुम्हाला सातपूरहून कंपनी सुटून घरी यायला सात वाजायचे. आधी कोपऱ्यावर लुनाचा आवाज, मग फाटकाचा. त्या दोन आवाजांच्या मध्ये घरात कोणी श्वास सोडत नसे. आई दारात जाऊन तुमच्या हातातला डबा घ्यायची आणि घेताना जरा वाकायची. बघणाऱ्याला वाटावं, काय ही पतिभक्ती! ती वास घेत असायची. वास नसला की मला म्हणायची, "ताट घे." असला की त्याच सुरात म्हणायची, "शेजारून विरजण आण." मग मी वाटी घेऊन शेजारच्या मावशींकडे जायचे आणि बोलावणं येईपर्यंत तिथेच बसायचे. भिंतीपलीकडे भांडी पडायला लागली की मावशी रेडिओ मोठा करायच्या. त्यांनी कधी विरजण दिलं नाही, मी कधी मागितलं नाही. एकदा परत आले तर आई मनगटाला हळद लावत होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "हल्ली दही लागतच नाही नीट."

आपण जन्माचे ख्रिस्ती, पण तुमचं देवळात जाणं नाताळपुरतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी तुम्हाला प्रार्थनासभेला कसं ओढून नेलं, तिथे काय झालं, ते तुम्ही कधी धड सांगितलं नाहीत. एका संध्याकाळी लुना हातानं ढकलत आलात आणि दारातच म्हणालात, "मी सुटलो."

आई घाबरली. "म्हणजे? कंपनी बंद पडली?"

"पापातून सुटलो गं."

तिनं डबा घेतला, वाकली, आणि मला म्हणाली, "ताट घे." दुसऱ्या दिवशीही तेच. महिन्यानंतरही तेच, वर्षानंतरही तेच. लोक देवळात तुमची साक्ष ऐकून डोळे पुसायचे. आई मात्र रोज सातला वाकायची. पूर ओसरला तरी गोदाकाठचे लोक पायऱ्यांवरच्या खुणा बघत राहतात, तसं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि पंचवटीत एका शास्त्रींकडे शिकायला जायचे. ख्रिस्त्याची पोर तिथे कशाला, असं दोन्हीकडचे लोक विचारायचे. तुम्ही मला शास्त्रीणबाई म्हणायचात. एकदा जेवताना मी तुम्हाला खिजवलं, "बाबा, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात." तुम्ही घास खाली ठेवलात. "मग मेलोच ना मी. त्याच्याबरोबर, क्रूसावर. मेलेल्या माणसापुढे बाटली ठेवून बघ, हात पुढे करतो का."

"मेलेला माणूस दुसऱ्यांदा पिठलं मागत नाही, बाबा."

"वाढा, शास्त्रीणबाई."

पवित्रीकरण हा शब्द तुम्ही फार वापरायला लागला होतात. मी म्हटलं, तो मला शिकवू नका, तो माझ्या विषयातला आहे. तुम्ही म्हणालात, "शब्द तुझा असेल, काम त्याचं आहे. तारण एका दिवसात झालं. हे मात्र रोजचं, भांडी घासल्यासारखं. कालची घासलेली आज पुन्हा खरकटी होणारच. घासणारा कंटाळत नाही, एवढंच सुख." आई तेव्हा मोरीत भांडीच घासत होती. तिनं एक पातेलं जरा जोरात आपटलं.

आणि मग तुम्ही पाळकसाहेबांकडे जाऊन ते काम मागून घेतलंत. प्रभुभोजनाचा, मंडळीला भाकरीबरोबर पेल्यातून देतात तो, द्राक्षरस करायचं काम. पंचांच्या बैठकीत एकानं तोंडावर म्हटलं, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायच्या का, साहेब?" साहेब म्हणाले, "आपणही एका चोराशेजारी क्रूसावर टांगलेल्याचीच भक्ती करतो की." झालं, रस आपल्या स्वयंपाकघरात आला. तुम्ही पिंपळगावकडून काळी द्राक्षं आणायचात, कुस्करायचात, मलमलीतून गाळायचात, उकळून गरम असतानाच बाटल्यांत भरायचात आणि आई बुचांवर मेण ओतायची. नीट उकळला तर रस टिकतो. थोडा कच्चा राहिला तर नाशिकचा एप्रिल त्याचं काय करतो, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्या बाटल्या जाळीच्या कपाटात उभ्या असत आणि आई येता-जाता त्यांच्याकडे असं बघायची, जणू आत काहीतरी जागं आहे.

एका वर्षी ईस्टरच्या आधी रस अर्धवट तापला आणि सिलिंडर संपला. तुम्ही त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होतात, निघताना म्हणालात, स्टोव्हवर बघतो. आईनं ते "बघितलंय" असं ऐकलं, की तुम्ही परत आल्यावर तिनंच उकळला असं समजलात, कोण जाणे. बुचांवर मेण मात्र चढलं.

ईस्टरची सकाळ. देवळामागच्या खोलीत मी छोटे पेले तबकात मांडते आहे, आई भाकर मोडते आहे, बाहेर गीताचं शेवटचं कडवं चाललंय. तुम्ही मेण खरवडता आणि बूच आपणहून उडतं. फस्स. तो वास मी अजून ओळखीन. आपल्या दाराशी सात वाजता उभा राहायचा, तोच. तुमच्या हातात बाटली, तुमच्या बोटांवरून फेस ओघळतोय, आणि तुम्ही हलत नाही. आईच्या हातातली भाकर खाली पडते. ती माझ्याकडे न पाहता म्हणते, "शेजारून विरजण आण."

मी एकवीस वर्षांची घोडी, देवळात उभी, आणि माझे पाय खरोखर दाराकडे वळतात.

"थांब," तुम्ही म्हणालात. "कुठे जाऊ नकोस. मला माहीत आहे विरजण म्हणजे काय. कधीपासून माहीत आहे."

आईनं डोळे मिटून घेतले. तुम्ही बाटली नाकाजवळ नेलीत. मी तुमच्या गळ्याकडे बघत होते, घोट गिळल्यासारखं काही हलतं का. बाहेर गीत संपलं, बाक करकरले, सगळी मंडळी आपली वाट बघत बसली. मग तुम्ही अगदी हळू, नवल वाटल्यासारखं म्हणालात, "तहान नाही गं लागत. मला वाटलं होतं, लागेल."

म्हणजे तुम्हालाही भीती होती, बाबा. इतकी वर्षं साक्ष देत होतात आणि रोज भीत होतात. आम्हाला सांगितलं असतंत तर तिघं मिळून भ्यालो असतो.

तुम्ही सगळ्या बाटल्या मागच्या कडुनिंबाच्या मुळाशी ओतल्यात आणि पाळकसाहेबांच्या कानात सांगितलंत. ते मंडळीला म्हणाले, "आज पाणी घ्या. काना गावच्या लग्नात प्रभूनं द्राक्षारस केला, त्याचीही सुरुवात पाण्यानंच झाली होती." बाहेर पडताना तेच पंच तुम्हाला ऐकू जाईल असं बोलले, "रस आंबला, की आंबवला?" तुम्ही हसून त्यांना सलाम केलात. आई हसली नाही. घरी येऊन म्हणाली, "आज नाही लागली तहान. उद्याचं काय?" तुम्ही म्हणालात, "उद्याचं उद्या मागू त्याच्याकडे." आणि तिनं तुमच्या हातातली पिशवी घेतली, घेताना वाकली.

गंगापूर धरणाकडे वाइनसाठी द्राक्षांचे मळे लागायला लागले, त्या सुमारास तुमचे डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, यकृत. जुनं पिणं. पापाची क्षमा होते, पण शरीर काही विसरत नाही. त्यावर तुमचा पवित्रीकरणाचा कोणता अध्याय आहे ते मला विचारायचं होतं. वॉर्डात तुमच्या उशाशी उभं राहून डॉक्टरांनी आईला विचारलं, "अजून घेतात का?" ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. मग भिंतीकडे कूस बदललीत. मीही तिथेच होते, बाबा, मलाही "नाही" म्हणता आलं असतं.

गल्लीत बोलणं सुरू झालंच. चोरून पीत असणार, एवढं का उगाच होतं. आणि आम्ही दोघी, रोज ताटं घेणाऱ्या, मान खाली घालून ऐकत राहिलो.

तुमची शवपेटी समोरच्या खोलीत ठेवली होती. झाकण लावायच्या आधी आई पुढे झाली, पेटीच्या काठाला धरून वाकली, तुमच्या तोंडाशी चेहरा नेला. बायका हुंदके द्यायला लागल्या. त्यांना वाटलं, मुका घेतेय. ती बराच वेळ तशीच होती. मग सरळ झाली, मला शोधलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ताट घे."

मावशींनी तिला धरलं. लोक म्हणाले, दुःखानं डोकं फिरलं बिचारीचं. तिनं काय सांगितलं ते मलाच कळलं, आणि मी ते कोणाला समजावलं नाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आईलाही वाचून दाखवणार नाही. तुम्हाला तेवढं सांगते: ती वाकली तेव्हा मी श्वास रोखून वाट बघत होते. रडू मला त्यानंतर आलं.