बाबांच्या दाढीचा रंग

जॅक्सन, ओहायो
४ मार्च १९११

चि. नेल हिस आईचे अ. उ. आ.

काल शेजारच्या हेट्टीने आग्रह करकरून हलत्या चित्रांच्या खेळाला नेलं. आधी कुत्र्यांचं काहीतरी झालं आणि मग एकदम समोर तू! गिरणीत राबून खंगलेली, खिडकीपाशी मरणारी पोर. नाव कुठे दिलेलं नव्हतं, पण माझी मुलगी ओळखायला मला नाव कशाला लागतं? बाकीच्या बायका गोष्ट बघून रडत होत्या, मी रडले ती तुझे गाल बघून. काळे खड्डे पडलेत गं. आपल्या ग्वेनचे होते तसेच.

जत्रेतला आपला चौघांचा फोटो तुला आठवत असेल. त्यात तुझ्या ग्वेनताईच्या गालांना असेच खड्डे आहेत. पुढच्याच वर्षी ती क्षयाने गेली. दुखणं तेव्हाच आत शिरलं होतं आणि मला, आईला, ते दिसलं नाही, म्हणून तो फोटो मी पेटीच्या तळाशी घातला. या खेपेला मी उशीर करणार नाही. चित्रांत काम करतेस म्हणून बाबा घरात तुझं नाव काढू देत नव्हते, पण आज स्वतः जाऊन बघून आले आणि जेवलेच नाहीत. म्हणाले, तिला म्हणावं ये परत, मी अवाक्षर बोलणार नाही. तेव्हा थापा न मारता खरं काय ते उलट टपाली कळव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
आई

फोर्ट ली, न्यू जर्सी
९ मार्च १९११

ती. आईस नेलचा सा. न. वि. वि.

अगं आई, मी ठणठणीत आहे! खाणावळीची बाई रोज विचारते, मरायला टेकलेल्या पोरीला इतके बटाटे कसे लागतात म्हणून. ते खड्डे नाहीत, लाली आहे. नाटकात लावायचे तशी मी गालांना भरपूर लाली फासली. मला काय ठाऊक, कॅमेऱ्याला लाल रंग काळा दिसतो! दिग्दर्शक आधी खेकसले, मग चित्र बघून म्हणाले, राहू दे, छान मरतेस.

माझ्यावर विश्वास नसेल तर पेटीतला तोच फोटो काढ. आधी बाबांकडे बघ. दाढी कोळशासारखी काळी आलीय म्हणून तू त्या फोटोग्राफरला किती नावं ठेवली होतीस! आपल्या बाबांची दाढी काळी होती तरी कधी? मग ताईकडे बघ.

बाबांना नमस्कार सांग, त्यांनी घेतला तर. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नका.

तुझी,
नेल

जॅक्सन, ओहायो
१४ मार्च १९११

चि. नेल हिस आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं. पेटीतून फोटो काढायला तिचा हात होईना, म्हणून मी काढला. दाढी काळीच आहे. दाढी काळी आली तर गालही काळे येतील, एवढं साधं आम्हाला कधी सुचलं नाही.

मग ग्वेनकडे बघितलं. तुझ्या आईला एकदम आठवलं, फोटोच्या जरा आधी पोर मुलींच्या शर्यतीत पहिली आली होती. लालबुंद तोंडाने धापा टाकत येऊन आमच्यात उभी राहिली होती. त्या दिवशी ती आजारी नव्हती, नेल. धावून आली होती. आमच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. तुझी आई खूप रडली, मग उठून पोटभर जेवली. मीही रडलो, तुला सांगायला हरकत नाही.

फोटो आता चुलीच्या वरच्या भिंतीवर आहे. शनिवारी आम्ही दोघं पुन्हा तुझा खेळ बघायला जातोय, चर्चमधल्या लोकांना काय बोलायचं ते बोलू देत. तू खुशाल मर. लाली कमी करू नकोस.

तुझा लाल दाढीचा
बाबा