सोळा मार्चचा अंक

२६ ऑगस्ट

तारीख मिळाली. एकवीस डिसेंबर. डॉक्टरीणबाईंनी सांगितली, सोनोग्राफीवालीने दुजोरा दिला. म्हणजे बातमी पक्की.

अजून खरं वाटत नाही. वय त्रेचाळीस. पाळीचा ताल बिघडून वर्ष झालेलं, त्यामुळे ती यायची थांबली तेव्हा सुटले एकदाची असं समजून बसले होते. पोट पुढे आलं ते खुर्चीवर बसून बसून! गेल्या आठवड्यात पोट दाखवायला म्हणून गेले आणि आज पडद्यावर ती सोनोग्राफीवाली मुलगी बोट ठेवून म्हणते, "हा पाठीचा कणा." मी पलंगाची कड घट्ट धरली. नवरा शेजारी उभा. नाक ओढत होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?" क्षणाचाही विचार न करता सांगितलं, सोळा मार्च. त्या हसल्या. "बहुतेक जणी छताकडे बघतात हो. अशा पेशंट हव्यात!" मी का छताकडे बघू? अंक छापखान्यात सोडायचा दिवस होता. मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन शेवटची पानं वाचली होती. पाक्षिकात सतरा वर्षं काढली, तारखेत मला कोण चुकवणार.

त्यांच्याकडे पुठ्ठ्याची गोल चकती आहे. आतलं चक्र फिरवून बाण पाळीच्या तारखेवर लावायचा, की चाळीस आठवड्यांनंतरची तारीख समोर येते. मशीनने डोक्याच्या मापावरून काढलेली तारीख दोन-तीन दिवस इकडेतिकडे. "पहिल्या तीन महिन्यांत आला असतात तर मशीनवरच भरवसा ठेवला असता," त्या म्हणाल्या. "तेव्हा सगळी बाळं सारखीच वाढतात. आता प्रत्येकाची चाल वेगळी, म्हणून तुमची आठवण महत्त्वाची. पण दोन्ही जुळतंय. काळजी नको."

काळजी नको म्हणाल्या. तिथपासूनच सुरू झाली.

२७ ऑगस्ट

वन्सं आल्या. दोन बॅगा, एक उशी, आणि डिसेंबर संपेपर्यंत हलणार नाही अशी घोषणा. चप्पल काढायच्या आत बोटं मोजायला लागल्या. "नऊ महिने, वर सात दिवस. तेवीस डिसेंबर."

म्हटलं, चकती एकवीस म्हणते.

"तुझ्या चकतीला मुलं झालीत का कधी? मला तीन झालीत."

नवऱ्याचं काम लिफ्टदुरुस्तीचं. तो म्हणाला, "भांडू नका, दोन मजल्यांच्या मध्ये कुठेतरी थांबेल." दोघींनी मिळून त्याला भाजी आणायला पिटाळलं.

३० ऑगस्ट

नेमक्या तारखेला येणारं बाळ म्हणे विसात एखादं. मग तिला तारीख कशाला म्हणतात? आमच्याकडे तारीख म्हणजे तारीख. तिच्या पुढे छापखाना थांबत नाही.

९ सप्टेंबर

ऑफिसात सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पहिला प्रश्न, "मग एक जानेवारी कोण बघणार?" तो अंक सोडूनच रजेवर जाईन म्हटलं. हायसं वाटलं त्यांना, मग अभिनंदन सुचलं.

पानं लावणारा आमचा मोजपट्टी (कानावर पेन्सिल आणि हातात ती पट्टी नसेल तर ओळखू येणार नाही) खुर्चीवरून उठून म्हणाला, "बाई, विशेषांक काढताय आणि जाहिरात नाही?" तेव्हापासून बाळाचं नाव विशेषांक. शिपाईसुद्धा विचारतो, "विशेषांक कसा आहे?"

१७ सप्टेंबर

एक ऑक्टोबरचा अंक हातावेगळा केला. पाठ मोडून आली. विशेषांक आतून लाथा घालतो — मुद्रितशोधनाला विरोध असावा.

१४ ऑक्टोबर

आज पुन्हा सोनोग्राफी. मागच्या वेळी बोट ठेवून दाखवणारी ती मुलगी आज नुसती पडद्याकडे बघत होती. तेच माप तीनदा घेतलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर मागे दिसतंय, पण एवढा फरक चालतो. "आई काही उंच नाही, बाळ कशाला असेल?" मी हसले. बाहेर येऊन बाकावर बसले आणि रिपोर्ट पुन्हा वाचला.

वन्संनी ऐकलं मात्र, ताटात दुप्पट वाढायला सुरुवात केली. "तू बातम्या खातेस, पोराला काय मिळणार?"

११ नोव्हेंबर

मागे आहे. आता आठवडा नाही, अडीच आठवडे. महिन्याभरात जेवढं वाढायला हवं होतं त्याच्या निम्मंच वाढलं. नाळेतून जाणारा रक्तप्रवाहही थोडा आखडलाय म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. वाढ थांबली तर बाळाला बाहेर काढून बाहेर वाढवायचं. पण माझ्या तारखेप्रमाणे चौतीस आठवडेच झालेत, फुप्फुसं कच्ची असतात, आतला एकेक दिवस मोलाचा. "म्हणून थांबू. आठवड्यातून दोनदा तपासू. हालचाल मंदावली तर फोन करायचा नाही, सरळ यायचं."

थांबू. सगळं त्या एका शब्दावर. आत उपाशी ठेवायचं की कच्चं बाहेर काढायचं — आणि निवाडा कोण करणार, तर माझी तारीख.

नवरा येताना गाडीत म्हणाला, "तारीख तरी पक्की आहे, ते एक बरं."

१२ नोव्हेंबर

क्रमानं लिहिते.

उरलेलं काम मोजपट्टीच्या हवाली करायला ऑफिसात गेले. चेहरा बघून त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मला हसवायचं म्हणून की काय, म्हणाला, "बाई, तुम्ही रजेवर गेलात की माझं घर सुखी होईल. सोळा मार्चच्या अंकापायी बायको अजून टोमणे मारते."

"का? काय केलं मी?"

"काय केलं! लग्नाचा वाढदिवस माझा. सिनेमाला जायचं ठरलेलं. तुम्ही इथे पोट आवळून, पिशवी घेऊन बसलेल्या, आणि वर मलाच म्हणता, शेवटची आठ पानं लावल्याशिवाय हलायचं नाही!"

मी म्हटलं, सोळा मार्चला तुझा वाढदिवस?

"सोळाला कशाला? दोनला. दोन मार्च. अंक सोळाचा, सोडला दोनला. नेहमीसारखा."

नेहमीसारखा.

आमच्याकडे प्रत्येक दिवसाला दोन तारखा असतात. एक भिंतीवरची, एक हातातल्या अंकाची, आणि अंकाची पंधरवडाभर पुढे. सतरा वर्षं आम्ही दुसरीच्याच हिशोबाने जगतो. साहेबांची मुलगी 'एक जून'ला पास झाली, माझे वडील 'सोळा सप्टेंबर'ला गेले — खरे दिवस विचारले तर आठवावे लागतात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून अंक बाहेर पडला!

चहा तसाच टाकला.

म्हणजे विशेषांक चौतीस आठवड्यांचा नाही, छत्तीस उलटून गेलेत. म्हणजे ऑगस्टमध्ये तारीख आणि मशीन जुळलं, आम्ही खूश झालो, ते जुळलंच नव्हतं. पोर तेव्हाच मागे पडलं होतं आणि माझ्या चुकीने ते झाकून टाकलं.

पण मोजपट्टीचंच चुकत असेल तर? मी जाऊन दोन मार्च सांगायचं, त्यावर विसंबून त्या बाळ काढणार, आणि ते खरंच चौतीस आठवड्यांचंच असेल तर? एका माणसाच्या सांगण्यावर आम्ही पाणीकपातीची बातमीसुद्धा छापत नाही.

नवऱ्याला फोन लावला. मार्चचं त्याला काही आठवेना. मग विचारलं, पहिल्यांदा पोटात काही हललं असं मी कधी म्हणाले होते का? तो एकदम, "अगं, लिफ्ट!"

खरंच की! बारा जुलै. त्याने बसवलेली नवी लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी मला मिरवत वर नेलं होतं. सहाव्या मजल्यावर मी पोटावर हात ठेवून म्हणाले, तुझी लिफ्ट हिसके देते, आत काहीतरी फडफडलं. तो रुसून बसला, "माझी लिफ्ट हिसका देत नाही." संध्याकाळपर्यंत अबोला!

दोन मार्च धरलं तर बारा जुलै बरोबर बसतो. सोळा धरलं तर पहिलटकरणीला जरा लवकरच. पुरावा म्हणता येणार नाही, पण बाजूने बोलतो.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "आठव्या-नवव्या महिन्यात आम्ही तारीख बदलत नसतो, ताई. आई घाबरली की तिला सोयीची तारीख आठवते. रोज बघते मी."

म्हटलं, सोयीची नाही ही. दोन मार्च खरं असेल तर माझं बाळ जास्त आजारी आहे. मला सोळाच हवी होती.

त्यांनी पेन पुन्हा उचललं. "कोण म्हणालात तुमचे ते? लावा फोन."

मोजपट्टीने उचलला. विचारलं तसा गडबडला, "दोनच... म्हणजे..." तेवढ्यात मागून बाईचा आवाज, "द्या इकडे! — कोण बोलतंय? डॉक्टर? लिहून घ्या, दोन मार्च! नवी साडी नेसून साडेनऊपर्यंत वाट बघत बसले होते. लग्न माझं, मला नाही आठवणार?"

सोनोग्राफीवाली तोंड दाबून हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. चकती काढली, बाण दोन मार्चवर नेला. समोर सात डिसेंबर आला. मग मापांचा आलेख काढून नव्याने रेघ ओढली. ऑगस्टपासूनचे तिन्ही ठिपके रेघेच्या खाली, प्रत्येक जास्त खाली.

"हे असं असेल तर थांबण्यात अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "आतून त्याला काही मिळत नाहीये. सोमवारी सदतीस पूर्ण होतात. सकाळी दाखल व्हा, कळा आणू. तरी दोन्ही बाजूंनी सावध राहू, फुप्फुसांसाठी इंजेक्शन आज देते, उद्या एक."

सोमवार म्हणजे सोळा नोव्हेंबर. पुन्हा सोळाच!

निघताना विचारलं, तुम्हाला पटलं ना? म्हणाल्या, "पटण्याचं नंतर. मी तुमच्या शब्दावर हात घालतेय, एवढं ध्यानात ठेवा."

दुसरं काही ध्यानात नाही.

वन्संना घरी येऊन सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी बोटं उघडली, मोजायला लागल्या, मध्येच थांबल्या, मूठ मिटली. "मरो ते मोजणं. तू आधी जेव."

१४ नोव्हेंबर

दुसरं इंजेक्शन झालं. बॅग भरली. वन्संनी टोपरं शिवलं, ते माझ्या मुठीवर बसतं. एवढं लहान असतं का डोकं? म्हणाल्या, "असू दे. सैल झालं तर वाढेल त्यात."

हालचाल: सकाळी बरी. दुपारी जेवल्यावर जरा कमी. की मीच जास्त लक्ष देतेय? नवरा पोटाला कान लावून बसतो, मोटर ऐकतात तसा. म्हणतो, चालू आहे.

दोन दिवस. फक्त दोन दिवस धर रे.

१५ नोव्हेंबर

दवाखान्यात आहे. सकाळी चहा घेतला, डाव्या कुशीवर झोपले, पाणी प्यायले, गोड खाल्लं — काही नाही. फोन केला नाही. सरळ आलो.

ठोके सापडले. आहेत! पण मध्येच मंद पडतात आणि चढायला वेळ घेतात. डॉक्टरीणबाई रविवारच्या साध्या कपड्यांत आल्या, कागदाची पट्टी हातातून सरकवत वाचली, म्हणाल्या, "उद्या नको. आत्ता." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, हळू, "आज चौतीसचं समजून आपण थांबलो असतो ना..." वाक्य पुरं केलं नाही. बरं केलं.

नवरा रक्ताची बाटली आणायला जिन्याने पळाला. लिफ्टने जा म्हटलं तर म्हणाला, "आज नाही भरवसा." वन्सं दाराशी टोपरं धरून उभ्या.

समोर भिंतीवर कॅलेंडर आहे. पंधरा. वर मी लिहिली तीही पंधरा. पुढची नाही, आजचीच.

स्ट्रेचर आलं. बाळांचे डॉक्टर हात धुऊन आत तयार आहेत म्हणे. अर्ध्या तासात बाळ बाहेर काढतील. आधी रडायला हवं. वजन नंतर करतील.