कर्टिसचं गाणं आणि माझी साथ

हर्नडन, व्हर्जिनिया
२५ जुलै २००४

प्रिय ताई,

तुझी ईमेल मंगळवारी मिळाली. आज रविवार उजाडला तरी माझं उत्तर नाही म्हणून तू आईकडे चौकशी केलीस, हे तिनं मला फोनवर सांगितलं. मी ठणठणीत आहे, यतीनही मजेत आहे. फोन उचलायचा सोडून मी कागद घेऊन बसलेय, कारण फोनवर तू बोलतेस आणि मी हो म्हणते. लहानपणापासूनची रीतच आहे ती आपली. या वेळी मला माझं बोलणं शेवटापर्यंत न्यायचंय.

गणपतीच्या दिवसांत पार्सिपनी, हर्नडन आणि अर्विंग अशा तीन ठिकाणच्या मंडळांत उल्का देशकर, म्हणजे साक्षात तू, गाणार, हे वाचून मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही सांगून टाकलं. त्याला काय कळणार, पण सांगितलं. आणि मग तुझी शेवटची ओळ वाचली. 'पेटीवर अर्थात तूच. मंडळांना नाव कळवून टाकलंय.' त्या ओळीचं उत्तर मला द्यायचंय. पण आधी तुला एका गाण्याबद्दल सांगते, म्हणजे माझं उत्तर तुला नीट कळेल.

गाण्याचं नाव सांगून तुला उपयोग नाही. इथल्या एका अमेरिकन बँडचं आहे, रॉकच्या अंगानं वाजवलेलं रेगे, म्हणजे मूळ जमैकाकडचा ढंग. मागच्या उन्हाळ्यात ते इतकं चाललं की रोज सकाळी ऑफिसला जाताना रेडिओवर एकदा तरी लागायचंच. मी गाडी चालवताना स्टीअरिंगवर बोटं आपटायची आणि दर वेळी मला वाटायचं, काहीतरी चुकतंय. जिथे मी सम धरून बोट आपटायची, तिथे त्या गाण्यात कुणी काही वाजवतच नव्हतं. गिटार आणि कीबोर्ड येत होते ते दोन मात्रांच्या मधल्या फटीत. मला त्याचा राग यायचा, आणि तरी मी स्टेशन बदलत नव्हते.

या मे महिन्यात ऑफिसच्या पिकनिकसाठी आमच्या डेटाबेस टीममधला कर्टिस बँड जमवत होता. गाणारा तोच. कीबोर्डला माणूस हवा, अशी चिठ्ठी त्यानं लंचरूममध्ये लावली होती. मी घरी गंमत म्हणून सांगितलं, तर यतीन म्हणाला, "अगं मग साइन अप कर ना यार. ती पेटी नागपूरहून काय कपाटात ठेवायला आणलीस?" मी म्हटलं, पेटी वेगळी आणि कीबोर्ड वेगळा. तो म्हणाला, "काळ्या-पांढऱ्या पट्ट्या तर त्याच आहेत." ज्याला सा आणि प मधला फरक कळत नाही, त्याच्याशी काय वाद घालायचा. मी नाव दिलं.

पहिली तालीम कर्टिसच्या गॅरेजमध्ये, शनिवारी दुपारी. ड्रम वाजवणारी डेनिस मुलाच्या सॉकर मॅचला अडकली होती, त्यामुळे तालाचा धाक कुणालाच नव्हता. कर्टिस, मी आणि बास गिटारवाला असे तिघंच. अर्थात त्यांनी निवडलं होतं तेच गाणं. आता तूच बघ, मनोहरकाकांनी आपल्याला काय शिकवलं होतं? गाणाऱ्याच्या पुढे बोट जाऊ द्यायचं नाही. त्यानं स्वर घेतला की मग आपण, सावलीसारखं, अर्धा श्वास मागे. मी तेच केलं. कर्टिस शब्द उच्चारेपर्यंत मी थांबायची. पण त्याची गायकी अशी की तो कीबोर्डच्या सुरावर रेलून गातो. माझा सूर आला की मग सावकाश, आळोखेपिळोखे देत शब्द टाकणार. म्हणजे मी त्याच्यासाठी थांबतेय आणि तो माझ्यासाठी. गाणं हळू होत गेलं, आणखी हळू झालं, बासवाला आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत बिचारा मागे मागे येत राहिला, आणि तिसऱ्या कडव्यात ते चक्क थांबलं. कुणीही चूक स्वर लावला नव्हता. गाणं नुसतं विझलं.

कर्टिस हसायला लागला. मी त्याला आपल्याकडची साथीची पद्धत समजावून सांगितली, त्यानं शांतपणे ऐकून घेतली. मग तो म्हणाला की तुमच्याकडे हे सुंदरच असणार, पण या गाण्यात तू माझ्यामागे नाहीस, मी तुझ्यामागे आहे. तू माझ्याकडे बघूच नकोस. मी खोकलो, चुकलो, बाहेर निघून गेलो तरी तू वाजवत राहा. ताई, मला हे आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी घरी येऊन सहा आठवडे रोज संध्याकाळी स्वयंपाकाआधी त्या फटीत सूर टाकायचा सराव केला. सुरुवातीला डोकं दुखायचं. यतीननं तर दुसरं गाणं घ्या म्हणून कर्टिसला फोन करायची धमकी दिली.

पिकनिक गेल्या शनिवारी झाली. दोनशे माणसं, गवतावर चटया, मक्याची कणसं. दुसऱ्या कडव्याला कर्टिस खरंच शब्द विसरला. पूर्वीची मी असते तर त्याच्या तोंडाकडे बघत थांबले असते. मी मान खाली घालून वाजवत राहिले. डेनिस माझ्याबरोबर राहिली, बास राहिला, लोकांना वाटलं हा मुद्दामच ठेवलेला तुकडा आहे आणि ते नाचत राहिले. आठ-दहा मात्रांनी कर्टिसला शब्द सापडले आणि तो परत गाण्यात शिरला. मी चांगली वाजवते, ताई. हे मी गर्वानं म्हणत नाही, जे आहे ते सांगतेय.

त्या दिवसापासून मला ब्याण्णव सालचा डिसेंबर आठवतोय. मनोहरकाकांच्या वार्षिक कार्यक्रमात माझं चाळीस मिनिटांचं एकल वादन ठरलं होतं. चार महिने मी मारवा घोटला होता. नेमकी त्याच संध्याकाळी तुला अमरावतीला मैफल आली, आणि आईनं काही न विचारता दोघींच्या बॅगा भरल्या. जीप येईपर्यंत मी दारात उभी होते. तू एकदा म्हणशील, तू राहा गं, मी दुसरं कुणीतरी बघते, म्हणून थांबले होते. तू काही म्हणाली नाहीस. अमरावतीला मी तुझ्याबरोबर नेहमीसारखी वाजवली आणि परत आल्यावर काकांना तोंड दाखवायला आठ दिवस गेले नाही. तो राग मी बारा वर्षं मनात ठेवलाय, तुला न सांगता. आता वाटतं, त्या दिवशी दारात तूही कदाचित माझ्या तोंडाकडेच बघत असशील, मी बोलते का ते. नसशीलही. पण मूग गिळून मी बसले होते, तेव्हा सगळा दोष तुझ्या माथी मारणं बरं नाही. मारवा मी परत काढलाय, हेही सांगून ठेवते. तो कधी आणि कुणापुढे वाजवायचा, ते माझं मी ठरवेन.

तर उत्तर असं की सप्टेंबरात मी तुझ्या साथीला बसणार नाही. तिन्ही ठिकाणी नाही. त्या तारखांना मला दुसरं काही काम नाही, बँडचा कार्यक्रम नाही, सुट्टीचीही अडचण नाही. सबब सांगता आली असती, पण मला ती सांगायची नाही. पार्सिपनीचे अनिल वझे उत्तम वाजवतात, तुझी ध्वनिमुद्रणं मी त्यांना पाठवली आहेत आणि तिन्ही तारखा त्यांनी राखून ठेवल्यात. मंडळांना मात्र मी अजून कळवलेलं नाही, तुझ्या आधी त्यांना सांगणं बरं दिसलं नसतं. तू चिडशील, चीड. विमानतळावर घ्यायला मीच येणार आहे, तेव्हा काय बोलायचं ते गाडीत बोल. फक्त एक ऐक. आठव्या वर्षापासून मी तुझ्या डाव्या हाताला बसत आले. तुझा डावा कान, त्यातली कुडी, तान घेताना ताणली जाणारी मानेची शीर, एवढंच मला पाठ आहे. लोक घरी येऊन आईला सांगायचे, उल्का गाते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून नजर हटत नाही. मी मान डोलवायची, पण तो चेहरा मी एकदाही पाहिलेला नाही. म्हणून हर्नडनच्या कार्यक्रमाचं पहिल्या रांगेतलं मधलं तिकीट मी काढून ठेवलंय.

तुला समोरून ऐकायला निघालेली,
तुझीच
राधिका