पहिल्या पानावरची लाईट

२ फेब्रुवारी २००६, जालना
डोकं फिरलंय. सकाळी कॉम्प्युटर क्लास उघडला, नेट लावलं, तर लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या फुकटच्या सिस्टीमच्या, आमच्या मराठी मार्गदर्शिकेतलं माझं पहिलं पानच गायब. शोधलं तर मागं सापडलं, 'प्रगत' भागात. हलवणारा अनिकेत. पुण्याचा इंजिनिअर, आमच्याच गटातला. सगळे फुकट काम करतो, तोही आणि मीही. ठरल्तं असं की 'सुरुवात' भाग माझा, 'प्रगत' त्याचा. पहिल्यांदा माऊस धरणारा कुठं अडतो ते मी रोज बघते, म्हणून सुरुवात माझ्याकडं.

त्या पानावर दोनच गोष्टी होत्या. लाईट कधी जाणार ते आधी विचारून घ्या. आणि जुन्या फायली सीडीवर काढून ठेवा, मंगच नवी सिस्टीम टाका. ह्यात प्रगत काय आहे? आमच्याकडं दळण घेऊन निघणारी बाई बी आधी लाईट बघती. ती काय इंजिनिअर आहे?

४ फेब्रु.
अनिकेतला फोन केला. आवाज लई गोड. म्हणे मॅडम, नवशिक्याला पहिल्याच पानावर धोके सांगितले की तो पुस्तक मिटून टाकतो. आधी त्याला मजा येऊ द्या. वीज, बॅकअप हे नंतरचे विषय. गटात सगळ्यांना पटलंय म्हणे. मी विचारलं, तुमच्याकडं लाईट जाते का? तर जाते ना, पण इन्व्हर्टर आहे.
संपलं.
नवशिक्या घाबरतो हे खरंय, ते मला ह्यानं सांगायला नको. पण घाबरला तर हात धरायचा असतो. समोरचा खड्डा झाकून ठेवायचा नसतो.

५ फेब्रु.
पान परत पुढं आणलं. कुणीही काहीही बदलू शकतं, हीच तर ह्या कामाची गंमत आहे म्हणे.

६ फेब्रु.
परत मागं. वर नवीन मथळा: 'ऊर्जा व्यवस्थापन'. अरे व्यवस्थापन कशाचं, असली तर लाईट, न्हाई तर अंधार!
रागात भाजीत मीठ दोनदा पडलं. हे म्हणाले, फुकटच्या कामापायी कशाला बीपी वाढवून राह्यलीस. भाजी मात्र गपगुमान खाल्ली त्यांनी.

१३ फेब्रु.
खंडागळे सरांचा फोन. सर वाटूरचे, तिथूनच जवळच्या एका खेड्यावर शाळेत विज्ञान शिकवतात. मागं माझ्या क्लासला आल्ते, माझ्याच नादानं लिनक्सच्या मागं लागले. मला चकित करायचं म्हणून काही न सांगता परतूरच्या कॅफेतून 'सुरुवात' भाग छापून घेतला आणि शाळेच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर सिस्टीम टाकायला बसले.
अर्ध्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कवाच मेलेली. लाईट आल्यावर नुसता काळा पडदा.
त्यात सरांच्या दहावीच्या नोट्स होत्या. सगळे धडे, सरावाचे प्रश्न, दोन वर्षं स्वतः बसून टाईप केलेले. पोरांना गाईड घेणं जमत न्हाई म्हणून. परीक्षा पुढच्या महिन्यात.
मला तर त्या अनिकेतला…

१४ फेब्रु.
पहिल्या गाडीनं वाटूर, तिथून जीपनं शाळेत. कॉम्प्युटरवर परत प्लॅस्टिकचं कव्हर, खोलीला कुलूप. मुख्याध्यापक म्हणाले, आता ही खोली बंदच, हे असले प्रयोग आमच्या शाळेत नकोत. गयावया करून कुलूप काढून घेतलं. दुपारपर्यंत बसले. दोन धडे मिळाले, ते बी तुकड्या-तुकड्यानं. बाकी बिलकुल काही न्हाई.

सरांनी छापलेली पानं आणून दाखवली. दोऱ्यानं नीट बांधलेली. एकेक पायरी झाली की तिच्यापुढं लाल पेननं बरोबरची खूण.
"मी एक बी ओळ सोडली न्हाई, ताई. माझंच काई चुकलं असंल."
त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सांगितलं, तुमचं काही चुकलं न्हाई, पान चुकलंय. त्यांना पटलं न्हाई. छापलेलं चुकतं हे त्या माणसाच्या डोक्यातच येत न्हाई.
येताना गाडीत रडले. रागानं. शेजारची बाई विचारून राह्यली, घरातलं कोण गेलं म्हणून.

१५ फेब्रु.
अनिकेतला सगळं लिहून मेल केला. उत्तर आलं: 'ऐकून वाईट वाटलं. पण ही सूचना प्रगत भागात स्पष्ट दिलेली होती.'
दिलेली होती! पेशंट गेल्यावर औषध मागच्या खोलीत होतं म्हणून सांगायचं.

१८ फेब्रु.
गटात चर्चा. दोघं-तिघं माझ्या बाजूनं आले, उशिरा का होईना. अनिकेत म्हणतो, ठीक आहे, पहिल्या पानाच्या तळाशी तळटीप देऊ. म्हणजे पोरांच्या नोट्स गेल्या त्याची किंमत बारीक अक्षरातली एक तळटीप.
मी लिहिलं: जालन्याला या. माझ्या क्लासमध्ये बसून तुमच्या हातानं सिस्टीम टाका. इन्व्हर्टर मी बंद ठेवते.


२० फेब्रु.
पान पुढं आणलं. वाटूरकडं काय झालं ते बी लिहिलं, सरांचं नाव न घेता. आता हलवून दाखव म्हणावं.

२६ फेब्रु.
पान अजून जागेवर.
दुपारी सरांचा फोन. मागच्या वर्षीच्या पोरांकडं काही धड्यांच्या झेरॉक्स निघाल्या, त्यावरून आत्ताची पोरं हातानं उतरवून राह्यलीत. आणि मुख्याध्यापक थोडे नरमलेत. परीक्षेनंतर एक डाव बघा म्हणाले. आता बिघडला तर मात्र कॉम्प्युटर कायमचा कुलपात.
सर म्हणाले, "ताई, ह्या टायमाला तो प्रगतचा भाग आधी वाचू का?"
मी म्हणलं, तवाच का न्हाई वाचला? म्हणायला नको होतं, पण निघून गेलं तोंडातून.
"वरच लिहिल्तं ना, जाणकारांसाठी म्हणून. आम्ही कुठं जाणकार?"
मी येते, माझ्याशिवाय हात लावू नका, एवढंच सांगून फोन ठेवून दिला.

लगेच साईट उघडली. पान आहे, पहिलंच आहे. खाली अनिकेतची आजचीच नोंद: 'मांडणीवर पुन्हा विचार व्हावा.'
होऊ दे विचार. आत्ता आहे तसं छापून घेतलं. दोऱ्यानं बांधलं आणि लाल पेननं पहिल्या ओळीखाली रेघ मारली. सकाळच्या गाडीनं सरांना पाठवते. साईटवर उद्या काय राहील ते मला बी माहीत न्हाई.