शेवटच्या शर्यतीपर्यंत

वाक्वा,
मंगळवार, ४ सप्टेंबर १९७९

चि. विद्यावती हीस,
बा आणि आय या दोघांचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. वाक्वाचा पाऊस तुला माहीतच आहे, छत्री वाळायला सवड देत नाही. आयचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्यापेक्षा आय जास्त कुरकुरते. तुझ्या भावानं, गोवर्धननं, व्हॅनचे ब्रेक नवे घातले. आता ती थांबते तरी. मी पेन्शनीत निघाल्यापासून त्याच्या गाडी चालवण्याला नावं ठेवतो आणि तो मला म्हणतो, ‘बा, ही तुमची बस न्हाय.’

आता जावईबापूंच्या कामाचं. प्रेमचंदला नीट क्रियोलमध्ये समजावून सांग. मागल्या खेपेला एक घोडा हरला तेव्हा तू चुकीचं वाचलंस म्हणून तुझ्यावरच आलं होतं, असं तू बोलता बोलता म्हणाली होतीस. म्हणून या वेळी सगळं सोपं करून लिहितो.

आज पहाटे शाँ द मार्सच्या शर्यतीच्या मैदानावर जाऊन घोड्यांची कसरत बघून आलो. पोर्ट लुईत पाऊस नाही, मैदान टणक आहे.

पहिली शर्यत. ब्लू लँटर्न. गेल्या वेळी तिसरा आला म्हणून लोक त्याला विसरतील. पण तेव्हा तो अगदी बाहेरच्या जागेवरून सुटला होता, या वेळी आतली जागा मिळाली आहे. आपल्या मैदानाची वळणं तोकडी, शेवटचा सरळ रस्ता आखूड. बाहेरून येणाऱ्याला तिथे जागाच पुरत नाही. सगळे केप पायलटच्या मागे धावतील, कारण तो दोनदा लागोपाठ जिंकलाय. त्याच्या नादी लागू नका. दोनदा जिंकला म्हणूनच या वेळी त्याच्या खोगिरात शिसं वाढवलंय. हँडिकॅप म्हणजे तेच, जो चांगला पळतो त्यानं ओझंही जास्त न्यायचं. शेवटच्या वळणावर ते शिसं त्याला खाली खेचणार.

चौथी शर्यत. लिटल बिशप. खूर लहान, पाऊल हलकं, टणक जमिनीवर तो खूश असतो. रॉयल गार्डनरचं नाव मोठं आहे, पण त्याला पावसानं मऊ झालेली जमीन लागते. कोरड्यात तो पळत नाही, चालतो.

मधल्या शर्यतींत मला कुणी पसंत नाही. पसंत नसेल तर पैसे खिशात ठेवावेत.

शेवटची शर्यत. सदर्न जज. या मोसमात मला इतकी खात्री कुणाची वाटली नाही. पण त्याच्यावर आधीपासून पैसे लावून मोकळं व्हायचं नाही. घोडे फिरवायला आणतील तेव्हा त्याला डोळ्यांनी बघायचं. मान सैल असेल, काखेत घाम नसेल, तरच लावायचे. त्यासाठी थांबावं लागलं तरी थांबावं.

जावईबापूंना माझा नमस्कार सांग.

(दुसरं पान)

विद्या, हे पान तुझं एकटीचं आहे. विचारलं तर सांग, आयनं पुरणाचं काहीतरी लिहून पाठवलंय. पुरुषमाणूस पुरणाचं ऐकायला थांबत नाही.

तुझ्या घरात मराठी वाचणारी तू एकटीच. प्रेमचंदला ऐकून थोडंफार कळतं, पण अक्षर ओळखता येत नाही. देवळातल्या संध्याकाळच्या वर्गाला जायचा तू कंटाळा करायचीस आणि मी दटावून बसवायचो. तुला आरत्या वाचता याव्यात एवढीच माझी इच्छा होती. ती अक्षरं आज या कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

गेल्या शनिवारची गोष्ट सांगतो. पॅडकमध्ये, शर्यतीआधीच्या रिंगणात, एक घोडा फिरवत होते. वजन हलकं, जागा आतली, पहाटेची धाव बघितलेली. कागदावर त्याला तोड नव्हती. मी पैसे हातात काढून उभा होतो. तेवढ्यात लगाम सारखा करायला मोतद्दारानं हात वर केला, आणि घोड्यानं मान झटकन खाली घातली, डोळे मिटून घेतले. मोतद्दार काही मारणार नव्हता. पण त्याआधी कुणीतरी मारलेलं होतं, हे त्या मानेला ठाऊक होतं.

माझे पैसे पुन्हा खिशात गेले. शेजारी माझा दोस्त गजेंद्र होता. ‘की आरीव्हे, जयराम?’ म्हणाला. काय झालं म्हणून विचारत राहिला, मी बाजूला झालो. त्या दिवशी पुढची एकही शर्यत मी बघितली नाही. कठड्याशी खाली बसून राहिलो.

कारण ती मान मी आधी बघितली होती. आपल्या घरी, गणपतीत. तू आरतीला माझ्या शेजारी उभी होतीस. वरच्या फळीवरचा कापराचा डबा काढायला मी तुझ्या डोक्यावरून हात नेला, आणि तू अशीच मान खाली घातलीस. मग हसलीस आणि म्हणालीस, ‘केसात काही पडलं वाटलं.’ मी मानलं. दिवसभर तुझ्या हातचे मोदक खाल्ले आणि मानलं.

मुलीला घोड्याशेजारी उभं करतो म्हणून रागावू नकोस. मला वाचता येतं ते एवढंच.

आयला सांगितलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली. ‘गेल्या दिवाळीला, भर उकाड्यात, पोर लांब बाह्यांचं पोलकं घालून आली व्हती. तुमाला काय वाटलं, फ्याशन?’

तर ठरलं ते असं. येत्या शनिवारी मी शाँ द मार्सवर जाणार नाही. गोवर्धन आणि मी दुपारी व्हॅन घेऊन तुझ्याकडे येतो. चोरून नाही, दिवसाउजेडी, पुढच्या दारानं. प्रेमचंदसमोर यायला मी भीत नाही, पण गोवर्धनला मी ओळखतो. समोरासमोर आले तर तो हातात काहीतरी उचलेल, आणि मला मुलगी घरी आणताना मुलगा तुरुंगात पोचवायचा नाही. तुझ्या सासूबाई माएबूर्गला थोरल्या मुलाकडे आहेत, म्हणजे घरात तू एकटी. तेव्हा प्रेमचंद शेवटच्या शर्यतीपर्यंत पोर्ट लुईत राहायला हवा.

म्हणून पहिल्या पानावरचे घोडे खरे आहेत. हरणारा माणूस लवकर घरी येतो. मी स्वतः दोन शर्यती हरलो की तिसरी बघत नाही, सरळ बस पकडतो. प्रेमचंद दुपारीच हरून परत आला तर सगळंच फसलं. त्याला जिंकत ठेवायचं आणि शेवटच्यासाठी थांबवायचं. आजवर कधी इतक्या बारकाईनं घोडे बघितले नव्हते, आणि तेही कुणाच्या फायद्यासाठी! पहाटे कठड्याशी उभा राहून मी स्वतःलाच शिव्या दिल्या आणि पुन्हा बघत राहिलो.

जबरदस्ती नाही. तुला यायचं नसेल तर दार लावून घे. आम्ही ओसरीवर केळी ठेवू आणि परत जाऊ, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ. लोक काय म्हणतील याची काळजी करू नकोस, ती लोकं माझ्या बसमधून इतकी वर्षं फिरली आहेत, त्यांना मी बघून घेईन. तुझी खोली आहे तशी आहे. गोवर्धनची सायकल तेवढी तिथे होती, ती आज बाहेर काढली.

तुझ्या पाठीशी असलेला,
बा

*

सांत्र द फ्लाक,
गुरुवार, ६ सप्टेंबर १९७९

ती. बा यांस,
विद्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आयलाही.

पत्र काल मिळालं. उत्तर शेजारच्या बसंतीच्या हाती देते, ती उद्या वाक्वाला माहेरी चाललीय. दुसरं पान आधी तांदळाच्या डब्यात लपवलं, मग चुलीत घातलं. ते मला पाठ झालंय.

पहिलं पान संध्याकाळी यांना वाचून दाखवलं. कारखान्यातून आले, हातपाय धुतले, ‘की तो पापा दीर?’ म्हणून समोर बसले. माझे पापा काय म्हणतात ते ऐकायला यांचे कान दर आठवड्याला टवकारलेले असतात. मी काय म्हणते ते ऐकायला तेवढे नसतात.

पण बा, एका गोष्टीत तुम्ही चुकलात. तुम्ही हरलात की बस पकडता. हे तसे नाहीत. हे जिंकले की निघतात. जिंकलेल्या माणसाला ते दाखवायला इथलं फ्लाक लागतं, कोपऱ्यावरचं दुकान लागतं, चार जणांना पाजायचं असतं. पोर्ट लुईत यांना कोण ओळखतं? पहिली शर्यत जिंकलेल्या शनिवारी चहाच्या वेळेला यांचं हसणं गल्लीत ऐकू येतं. हरले की मात्र हलत नाहीत. गेलेलं परत मिळवल्याशिवाय मैदान सोडायचं नाही असं ठरवूनच उभे राहतात, शेवटचा घोडा तबेल्यात गेला तरी. तुम्ही घोड्यांकडे बघता. मला या माणसाकडे बघायची सवय लागलीय. गेटच्या आवाजावरून मला सगळा शनिवार कळतो.

म्हणून मी तुमचं पत्र जसंच्या तसं वाचलं नाही.

पहिल्या शर्यतीत केप पायलट म्हटलं. बा लिहितात, दोनदा जिंकलाय, तिसऱ्यांदाही तोच. शिशाचं बोलले नाही. चौथीत रॉयल गार्डनर म्हटलं, आणि मैदान कसं आहे ते गाळलं. हे खूश झाले, म्हणाले, म्हातारा शेवटी माझ्यासारखा विचार करायला लागला. शेवटच्या शर्यतीत तुमचा सदर्न जज तेवढा तसाच ठेवला, थांबायला काहीतरी हवं म्हणून. तो फिरवायला आणतील तेव्हा बघा, हेही सांगितलं. यांनी तिन्ही नावं सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतली.

लग्न झाल्यापासून तुमचा एक शब्द मी बदलला नव्हता. काल बदलताना माझा आवाज जराही कापला नाही.

हरलेल्या शनिवारी घरात काय होतं, ते तुम्ही विचारलं नाहीत. बरं केलंत. ते मी आयला सांगेन, हळूहळू. या वेळी ते हरून येतील ते माझ्यामुळे. आजवर ते हरू नयेत म्हणून मी देवापुढे बसत होते. या शनिवारी उलटं मागणार आहे. देवाला माझं काय चाललंय ते कळणार नाही बहुतेक.

एकच भीती आहे. ते ओझं घेऊनही केप पायलट जिंकला तर? तुम्ही लिहिलंय, जिंकणार नाही. मी तुमच्या त्या एका वाक्यावर सगळं लावलंय. तरी पण बा, दुपारपर्यंत थांबू नका. हे सकाळी नऊलाच मित्रांच्या लॉरीतून निघतात. लॉरी गेली की लगेच या. पहिली शर्यत सुटायच्या आत मला वाक्वाच्या पावसात भिजायचंय.

गोवर्धनदादाला दोर आणायला सांगा. शिलाई मशीन न्यायचं आहे. ते तुम्ही दिलेलं, माझं आहे. बाकी या घरातलं मला काही नको.

गणपतीत तुम्ही कापराच्या डब्यासाठी हात वर केलात आणि मी मान खाली घातली, ते मला तेव्हापासून खातंय. तुम्हाला वाटलं असेल, पोर मला घाबरली. तुमचा हात आहे हे मला माहीत होतं, बा. मानेला कळायला उशीर झाला.

शनिवारी व्हॅनमधून उतरलात की गेटातूनच हात वर करा. मी दारात उभी असेन, मान वर करून.

तुमची,
विद्यावती जयराम