खाडाखोड नसलेली पानं

बिरवाडी,
रविवार, दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. विनीत,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही, लागला तर तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आपले ड्रायरवरचे महिपतदादा उद्या सुट्टीवर पोलादपूरला निघालेत, त्यांच्या हाती देते. तुमच्या वाडीवर भात झोडून झालं असेल. आईंचे गुडघे कसे आहेत? इथे सगळं ठीक. कंपनीच्या बसची वेळ बदलली, तुझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही आणि मी होते तशीच आहे. परवा घरी कामाला येणाऱ्या येसूबाईंनी घातलेल्या टॉवेलांच्या घड्या त्यांच्यादेखत मोडून पुन्हा घातल्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुमीच घालायच्या हायत तं मंग मी कशाला येते?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तेव्हा तू आठवलास. तुझा एकेक अहवाल मी लाल पेनाने रंगवून परत द्यायची आणि शेवटी स्वतःच लिहून काढायची. पंधरा माणसांची प्रमुख झाले, पण पंधराही जणांचं काम एकटीने करायची हौस काही गेली नाही.

सप्टेंबरच्या त्या बॅचबद्दल लिहायचं आहे. चौकशीत ठरलं ते असं, की माल वाळवताना ड्रायरचं तापमान हळूहळू चढत गेलं, ते वहीत वेळेवर नोंदवलं गेलं नाही, माल करपला, दोष शिफ्ट ऑफिसरचा, म्हणजे तुझा. तू खाली मान घालून मेमो घेतलास आणि आठवड्याच्या आत राजीनामा दिलास. मी तुझ्या शेजारीच बसले होते.

गेल्या सोमवारी मी महिपतदादांना विचारलं, आकडे तेव्हाच्या तेव्हा वहीत का नाही घातले? त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्याडम, वहीत एक आकडा खोडला का तुमी आख्खं पान परत लिवायला लावता. म्हनून आमी आदी चिठ्ठीवर लिवतो नी शिफ्ट संपताना वहीत उतरवतो. त्या दिवशी चार चिठ्ठ्या चार जनांच्या खिशात. आकडा दर खेपेला थोडाच चढत व्हता, कुनाला काय वाटलं नाय. वहीत एकाखाली एक असतं तं कुनाला बी दिसलं असतं."

नियम किती साधा आहे! चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहून सही करायची, झालं. मीच तुम्हाला तो शिकवला आणि मीच तो पाळू दिला नाही, कारण ती रेघ माझ्या डोळ्यांना खुपायची.

हे ऐकून मला धक्का बसला, असं तुला लिहिणार होते. तसा एक कागद लिहून फाडलाही. विनीत, मला माहीत होतं. जुलैत तुझ्या खिशातून चिठ्ठ्यांचा जुडगा डोकावताना मी पाहिला होता. बोलले नाही, कारण वह्या देखण्या दिसत होत्या आणि त्याच आठवड्यात तपासणीला आलेल्या मंडळींनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं होतं. चौकशीत मी एवढं एक सांगितलं असतं तर तू आज इथे असतास. मी घाबरले. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर एकही चूक नाही, ते तसंच राहावं म्हणून तुझ्या नावावर पडू दिली. मला याची फार लाज वाटते.

शुक्रवारी हे सगळं वरिष्ठांना लेखी दिलं. त्याची प्रत सोबत आहे. तुझा मेमो रद्द व्हावा अशी मागणीही त्यात केली आहे. माझं पद राहील की जाईल, कोणी काही बोललेलं नाही. घरीसुद्धा अजून सांगितलेलं नाही.

गुरुवारी, वीस तारखेला सकाळी अकरा वाजता चौकशी पुन्हा बसणार आहे. तू ये. पुन्हा कामावर यायचं की नाही, ते नंतर तुझं तू ठरव. मी आग्रह करणार नाही. मला सांभाळून घेऊ नकोस. मागच्या वेळी माझ्याकडे बघून गप्प बसलास, या वेळी सगळं बोल, अडखळलास तरी चालेल. मी शेजारी असेन. तुझं एकही वाक्य दुरुस्त करणार नाही.

तुझी अपराधी,
स्नेहल साळुंखे